दत्ताच्या पेटीचा गंधार

देवावर रागावू नये असं लहानपणापासून ऐकत आले. मी रागावले. नुसती रागावले नाही, तर जवळजवळ वर्षभर दत्ताशी अबोला धरला. खुर्सीपारच्या आमच्या छोट्याशा दत्तमंदिरात मी रोज दुपारी दोन तास पेटीवर रियाज करायचे आणि ते दोन्ही तास त्याच्याकडे पाठ करून बसायचे. घरी पेटी नव्हती, ती देवळाची होती, म्हणून जावं लागायचं. नाहीतर मी त्या उंबऱ्याला पाय लावला नसता. आत शिरताना नमस्कार नाही, निघताना प्रदक्षिणा नाही. तीन तोंडं आहेत ना त्याला, तर तिन्ही तोंडांनी बघू दे माझी पाठ, असं मनात म्हणायचे. आज हे लिहिताना लाज वाटते, पण सगळ्या रागाची वाटत नाही. त्यातला काही राग खरा होता आणि तो नव्हताच असं लिहिलं तर पुढचं सगळंच खोटं होईल.

तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. छत्तीसगड वेगळं व्हायला अजून अवकाश होता. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. शेतीवर भागेना म्हणून तरुणपणी भिलाईला आले आणि तिथल्या पोलाद कारखान्यात, आम्ही त्याला प्लांट म्हणायचो, कोक ओव्हनच्या भट्टीवर लागले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, हा प्लांटचा नियम. मग आम्ही जाणार कुठं? गावी काकांच्या घरात एक खोली होती आणि त्या खोलीत आम्ही नको होतो, हे काकूनं दोन दिवाळ्यांना पुरेसं स्पष्ट केलं होतं. एकच वाट दिसत होती. जवळच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा होती. मुख्याध्यापिका बाईंनी माझं गाणं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, परीक्षेचं प्रमाणपत्र आण, जागा तुझी. शिक्षिकेला शाळेच्या आवारात दोन खोल्या मिळायच्या. आईनं त्या दोन खोल्या बाहेरून बघून ठेवल्या होत्या. चूल कुठं मांडायची हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

परीक्षेत गायला मला कधीच भीती वाटली नाही. भीती होती ती स्वर ओळखण्याची. परीक्षक पेटी स्वतःकडे वळवून घेतात, आपल्याला पट्ट्या दिसत नाहीत. आधी 'सा' देतात. मग मध्येच एखादा स्वर वाजवतात आणि विचारतात, सांगा, कोणता? आपण नुसत्या कानानं सांगायचं. पंचम, मध्यम, ऋषभ मला झोपेतसुद्धा कळायचे. गंधार आला की मात्र गोंधळ. कोमल की शुद्ध? मी कोमल म्हटलं की तो शुद्ध निघायचा, शुद्ध म्हटलं की कोमल. दोन वेळा चुकलं की मग येत असलेले स्वरही चुकायचे. पहिल्या वर्षी अशीच नापास झाले.

माझे गुरुजी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये राहायचे. रविवारी सकाळी शिकवायचे. माणूस विद्वान, पण जिभेला हाड नाही. निकाल ऐकून ते म्हणाले, "तुले कान नाही बाई. देवानं गळा देला अन् कान द्याले विसरला. त्याले काही इलाज नाही." सोबतच्या चार मुली खाली माना घालून हसल्या. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण गुरूला उलट बोलायचं नाही असं बाबांनी शिकवलेलं. तो सगळा राग मी गिळला आणि घरी येईपर्यंत तो दत्तावर गेला. परीक्षेआधी मी सोळा गुरुवार केले होते, तेसुद्धा निरंकार. सोळा गुरुवार उपाशी राहिलेल्या मुलीला कान द्यायला हा विसरतो? मग आठवण तरी कशाची राहते याला? त्या दिवसापासून अबोला.

एकदा, फक्त एकदा, मी गुरुजींपुढे तोंड उघडलं. त्यांच्या पेटीवर गंधार वाजला की मला तो नेहमी वर चढल्यासारखा वाटायचा. भीत भीत म्हटलं, "गुरुजी, तुमच्या पेटीचा गंधार मले जरा चढेल वाटते." त्यांनी भाता असा आपटून बंद केला की आतून त्यांची बायको बाहेर आली. "माह्या पेटीले नावं ठेवते? त्या देवळातल्या डबड्यावर बोटं घासते अन् मले सूर शिकवते?" देवळातली पेटी डबडं! मी दत्ताशी बोलत नव्हते ही गोष्ट वेगळी, पण त्याच्या पेटीला कुणी डबडं म्हणावं? ती पेटी भिलाई वसत होती त्या काळात कॅम्प-१ मध्ये झोपडी बांधून राहणाऱ्या एका साधूची. त्यांना सगळे महाराजच म्हणायचे. जाताना ते ती देवळाला देऊन गेले. आमच्याकडे पादुकांची पूजा व्हावी तशी त्या पेटीची पूजा व्हायची. तिचा सूर तो खरा सूर. त्यामुळे दोन पेट्यांत फरक आहे हे माझ्या कानानं इमानेइतबारे सांगितलं, तरी मी चूक त्या कानाचीच धरली.

दुसऱ्या वर्षीची परीक्षा रायपूरला होती. एका शाळेच्या लांबट खोलीत परीक्षक बसले होते, शेजारी थंड झालेला चहा. गाणं झालं, त्यांनी मान डोलावली. मग पेटी वळवली. पहिले चार स्वर बरोबर आले. पाचवा गंधार. मला तो कोमलही वाटेना, शुद्धही वाटेना. पुन्हा एकदा 'सा' द्या, एवढं म्हणायचं होतं. नियमात ते बसतं. पण पुन्हा मागितलं तर यांना कळेल की मला येत नाही, म्हणून मी छाती पुढं काढून ठोकून दिलं, "कोमल." ते म्हणाले, "हं." पुढचे तीन मी असेच ठोकले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मायेनंच म्हणाले, "पुन्हा प्रयत्न करा." त्या मायेचा मला गुरुजींच्या शिवीपेक्षा जास्त संताप आला.

दुपारच्या पॅसेंजरनं परत निघाले. डब्यात बसून मी मनातल्या मनात गुरुजींना, परीक्षकांना, प्लांटच्या नियमाला आणि सगळ्यात जास्त दत्ताला धुऊन काढत होते. अबोला तुटला होता, पण भांडायला. तुला माझे आईबाप गावच्या काकूच्या दारात भिकाऱ्यासारखे उभे केलेले बघायचेत का? एवढीच हौस असेल तर सरळ सांग. असं बरंच काही. भिलाई-३ ला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे सिग्नल नव्हता. डब्यात उकाडा, शेजारी एका बाईचं लेकरू किंचाळत होतं. मी खाली उतरले आणि फलाटाच्या टोकाला सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं.

फलाटाच्या दुसऱ्या अंगाला एक मालगाडी उभी होती. तिच्या कडेकडेनं एक म्हातारा चालत येत होता. खाकी सदरा, डोक्याला गमछा, हातात लांब दांड्याची हातोडी. प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा, ऐकायचा आणि पुढं सरकायचा. रेल्वेत ही माणसं असतातच, मी लहानपणापासून पाहत आले होते. चाकाला तडा गेला असेल तर आवाजावरून कळतं, एवढं मला माहीत होतं. ठण्, ठण्, ठण्. माझं लक्षही नव्हतं. मी दत्ताला झाडत होते. आणि मध्येच एक ठोका असा आला की मी चमकून वर पाहिलं. आवाज फार वेगळा नव्हता. ठण्‌च होता, पण त्याच्या शेपटाला काहीतरी चिरलेलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा फुटका आहे."

म्हातारा थांबला होताच. त्यानं चाकावर खडूनं खूण केली आणि माझ्याकडे वळला. "तैं सुने?" तू ऐकलंस? मी मान हलवली. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "पीठ कर के बइठ, नोनी. अब बता." नोनी म्हणजे मुली, पोरी. छत्तीसगडी लोक लेकीला असं म्हणतात. पाठ करून बसायचा तर मला वर्षभराचा सराव होता. मी पाठ केली. तो एकेका चाकावर ठोका मारत गेला आणि मी सांगत गेले. हा चांगला. हा चांगला. हा चांगला, पण मघाच्यापेक्षा जाड. हा पुन्हा तोच फुटका, तुम्ही मागं आलात. तो मोठ्यानं हसला. खरंच मागं गेला होता, मला फसवायला.

"कान त तोर बने हे," तो म्हणाला. कान तर तुझे छान आहेत. माझा बांध फुटला. एका परक्या माणसाजवळ मी सगळं बडबडले, मराठी आणि हिंदीची खिचडी करून. सगळे म्हणतात मला कान नाही, दोन वर्षं झाली, एकच स्वर आहे जो मला ठकवतो. त्यानं गाण्यातलं काही कळल्याचा आव आणला नाही. बिडी पेटवली आणि हातोडी माझ्यासमोर धरून तिचं डोकं हलवून दाखवलं. ते दांड्यात घट्ट बसलेलं होतं. रोज कामाला लागताना तो आधी हे बघायचा. चांगलं म्हणून माहीत असलेल्या एका चाकावर ठोका मारून आधी हातोडीच ऐकायचा, मग बाकीची चाकं. "हथौड़ी ढिल्ला होही, त जम्मो चक्का फूटहा लागही." हातोडी सैल असेल तर सगळीच चाकं फुटकी वाटतील. मी विचारलं, आणि एवढं करूनही समजलं नाही तर? त्याला हा प्रश्नच वेडगळ वाटला. "सक हे, त फेर मार. लाज काबर?" शंका असेल तर पुन्हा मार, त्यात लाज कसली?

तेवढ्यात पॅसेंजरनं शिट्टी दिली. "जा, जा, गाड़ी छूटही," म्हणून त्यानं मला अक्षरशः हाकललं. मी धावत डब्यात चढले. वळून पाहिलं तर तो पुढच्या चाकाशी वाकला होता. पुढं मी दोनदा त्या स्टेशनवर उतरून त्याला शोधलं. भेटला नाही. ड्यूटी बदलली असेल. तो कोण होता यावर मला काही म्हणायचं नाही. तो रेल्वेचा माणूस होता, त्याच्या हातात हातोडी होती आणि मी दत्ताला शिव्या देत असताना तो माझ्यापर्यंत चालत आला. झालं ते एवढंच आणि मला तेवढं पुरतं.

माझं उतरायचं स्टेशन, पॉवर हाउस, येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. माझी हातोडी कोणती? मी गंधार शिकले कुठं? गुरुजींकडे आठवड्याला एक तास. बाकी सगळा रियाज देवळातल्या पेटीवर. म्हणजे दत्ताच्याच पेटीनं मला फसवलं? हे मनात आलं आणि जो राग चढला तसा आयुष्यात पुन्हा कधी चढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा पेचकस पदराखाली घेऊन मी देवळात गेले. दत्ताकडे पाठ केली नाही. समोर पेटी ठेवली, त्याच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "आता तूही बघ." आणि पेटीचे स्क्रू काढायला लागले.

ही पेटी उघडायची नाही असा दंडक होता. महाराजांनी लावून दिलेले सूर, त्यांना माणसाचा हात लागता कामा नये. दंडक सांभाळायचे नाना. ते देवळाची सगळी व्यवस्था बघायचे. रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, तापट, माझ्यासारखेच. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली होती, आम्ही तिला काकू म्हणायचो. मी शेवटचा स्क्रू काढत असताना नाना दारात उभे राहिले.

"काय करून राहिली तू?"

"पेटी उघडून राहिली."

"कोणाले विचारून? बंद कर ते. महाराजांची पेटी आहे. तुह्या बापाले बलावू काय?"

"बलवा नाना. पण आधी हे पाहा. मंग मले मारा, काही करा."

झाकण उचललं होतं. पट्ट्यांची चौकट मी वर केली. पेटीत पितळेच्या बारीक जिभा असतात, वारा त्यांच्यामधून गेला की सूर निघतो. बहुतेक जिभांवर भिलाईची नेहमीची धूळ होती, प्लांटमधून येते ती लालसर. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना, भांड्यांना, सगळ्यांनाच ती चिकटते. पण मधल्या एका जिभेवर धूळ नव्हती, थर होता. पिवळा, वर लाल, तेलकट, वाळून कडक झालेला. हळद आणि कुंकू. दर गुरुवारी पूजेला पेटीच्या मधोमध हळदीकुंकवाचं बोट टेकवायची पद्धत होती. वर्षानुवर्षं, नेमकं त्याच पांढऱ्या पट्टीवर. फटीतून कण न् कण आत गेला होता. जीभ जड झाली होती, तिचा सूर खाली उतरला होता. ती माझ्या गंधाराची जीभ होती. कोमल नाही, शुद्ध नाही, दोन्हींच्या मध्ये कुठंतरी लटकलेला गंधार. तोच मी मनोभावे घोटला होता.

ते बघून मी हसले की रडले, आठवत नाही. आम्हीच वाहिलेलं आमच्याच देवाच्या गळ्यात जाऊन बसलं होतं. इतकी वर्षं तो तसाच गात होता आणि आम्ही त्यालाच खरा सूर म्हणत होतो. पण मग नानांकडे पाहिलं. ते खाली बसले होते, थराकडे एकटक बघत.

"हे तिच्या हातचं आहे," ते म्हणाले. "दर गुरुवारी तेच वाहायची."

मी पेचकस खाली ठेवला. खरवडून काढायचं तर काकूंच्या हाताचं जे उरलं होतं तेच खरवडायचं. मला माझ्या दोन खोल्या दिसत होत्या, आईची चूल दिसत होती, तरी मला ते होईना. मग नाना म्हणाले, "तू हात नोको लावू. मी करतो." त्यांनी एक कागद पसरला. लोखंडाच्या लालबुंद सळ्या हाताळलेली ती जाड बोटं त्या नाजूक जिभेवर इतकी हलकी चालली की मी बघतच राहिले. एकेक कण कागदावर पडू दिला. शेवटी त्याची पुडी बांधून खिशात ठेवली आणि उठून गेले. मी पट्ट्या बसवल्या, भाता भरला, गंधार वाजवला. तो गुरुजींच्या पेटीचा गंधार होता. चढलेला, टोचणारा, खरा.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. गुरुवारच्या भजनी मंडळातल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. पेटी बिघडवली, महाराजांचा सूर घालवला. त्या जुन्याच गंधारावर जायच्या आणि पेटी नव्यावर, ते कानांना करवतीसारखं लागायचं. नाना मध्ये पडतील असं वाटलं होतं. ते मागं भिंतीला टेकून नुसते ऐकत बसायचे. मला माझाच जुना गंधार पुसायचा होता आणि तो काही कागदावर पडून पुडीत जात नव्हता. रोज दुपारी आधी नुसता 'सा' धरून बसायचे, दहा-दहा मिनिटं. त्यात मन बसलं की मगच दुसरी पट्टी दाबायची. आधी मी स्वरांच्या मागं धावायचे, त्यांना पकडायला. आता 'सा'पाशी थांबून राहिले तर ते आपण होऊन येऊन आपली जागा सांगायचे. या काळात मी दत्ताकडे काहीच मागितलं नाही. गुरुवारही केले नाहीत. रागानं म्हणून नाही, मागण्यातला जोरच संपला होता.

तिसऱ्या परीक्षेला परीक्षक दुसरे होते, पेटीही दुसरी. सातवा की आठवा स्वर आला आणि मला तो कळेना. जुनी सवय ओठांपर्यंत आली, ठोकून दे काहीतरी. मी म्हटलं, "मला नक्की कळला नाही. पुन्हा 'सा' द्याल का?" त्यांनी भुवया उंचावल्या आणि 'सा' दिला. तो मी आत उतरू दिला. मग तो स्वर आला. "कोमल गंधार," मी म्हणाले. त्या वेळी मला भीती नव्हती, आशाही नव्हती, समोर फक्त तो स्वर होता. पास झाले. नोकरी लागली, दोन खोल्या मिळाल्या आणि आईनं चूल ठरवलेल्या जागीच मांडली. बाबा पहिल्या संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाले, "आता कोणाच्या दारात जा लागत नाही." आणि उगाच चष्मा पुसत बसले.

निकालाच्या गुरुवारी पेढे घेऊन देवळात गेले. राहून गेलेला नमस्कार करायचा होता. एव्हाना बायकांचा गंधार पेटीशी जुळला होता, भजन एकजीव चाललं होतं. मी मागं नानांपुढे पेढा धरला. त्यांनी घेतला नाही. डोळे मिटलेले होते.

"हाच सूर होता तिचा," ते हळूच म्हणाले. "सगळ्या बाया खाली अन् ते एकटी वर. सगळे म्हणत, बेसूर गाते. शेवटी मीच म्हटलं तिले, चूप बस, पूजा कर फक्त. मंग कधी नाही गायली."

मला ते आठवत होतं. नानांना आठवत होतं त्यापेक्षा जास्त. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, मंडळातली सगळ्यात तयार गळ्याची आणि तेवढीच आगाऊ. काकूंचा आवाज चढतो, माझं गाणं बिघडतं, अशी कुरकुर सगळ्यांत आधी मी केली होती. काकूंच्या देखत म्हटलं होतं, "काकूले कानच नाही." गुरुजींचे शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी. त्या हसल्या होत्या आणि तबक घेऊन आत गेल्या होत्या. नानांना हे मी त्या दिवशी सांगितलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातला पेढा घेतला आणि अर्धा मोडून मला दिला.

वर्षभर मी ज्या दत्तावर राग काढला, त्यानं एका शब्दानं माझी चूक मला ऐकवली नाही. म्हाताऱ्याच्या हातोडीपर्यंत आणलं, जिभेवरच्या थरापर्यंत आणलं आणि शेवटी काकूंच्या सुरापर्यंत. मी कान मागत होते. कान मला होताच, काकूंनाही होता. आम्हा दोघींना कान नाही म्हणणाऱ्यांत मीसुद्धा उभी होते. तेव्हापासून मी देवाशी भांडते, पण त्याला जाब विचारत नाही. वर्गात एखादी मुलगी सुराबाहेर गेली तर तिला थांबवत नाही. पुन्हा गायला लावते आणि ती गात असताना पेटी तपासते. काकूंची माफी मागायला काकू नाहीत. ती मी दत्ताजवळ मागून ठेवली आहे, त्यानं पोचवावी. पोचवली का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.